हाताच्या मापाचा पाय

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. बसा, बसा. पँट तशीही अर्ध्या तासाच्या आत मिळायची नाही. बॉबिन भरायची आहे, तळपट्टी उसवायची आहे, आणि हात गुंतले तरी तोंड मोकळंच असतं. कोपऱ्यात ती काजं करत बसली आहे ना, तिच्याकडे बघू नका. ती हसायची नाही आणि मानही डोलवायची नाही. ही गोष्ट तिने दहादा ऐकली आहे आणि दर वेळी दाताने दोरा तोडून गप्प बसली आहे.

तर एक शिंपी होता. कोण, कुठला, ते सोडा. होता एक. गळ्यात टेप, कानावर खडू आणि तोंडात चार टाचण्या. त्या टाचण्यांसकट तो दिवसभर बडबडायचा आणि तीस वर्षांत एकही टाचणी त्याने गिळली नव्हती. शिंकायचा तेव्हा मात्र गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरायचं.

त्याचा धाकटा भाऊ रंगारी. भिंती, दारं, दुकानांची शटरं, जे पुढे येईल ते रंगवायचा. एकदा शिडीवर चढला की उतरायचं नाव नाही. डबासुद्धा वरच खायचा. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड होता. लहानपणी शिडीवरून पडला, हाड वाकडं जुळून आलं. त्या दिवशी ती शिडी खालून कोणी धरली होती आणि मध्येच कोणी सोडली होती, हा विषय त्या घरात निघत नसे. शिंपी त्याच्या प्रत्येक पँटचा डावा पाय बोटभर आखूड शिवायचा, आणि तेही अशा सफाईने की धाकटा चार पावलं चालेपर्यंत कोणाला काही कळू नये. बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून शिवून दाखवायचा म्हणा.

एके दिवशी सकाळी ओल्या फरशीवर शिडीचा पाय सरकला. रंगाचा डबा वर राहिला आणि माणूस खाली आला. उजवी नडगी मधोमध मोडली आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. उजवी, लक्षात घ्या. धड असलेली.

निरोप आला तसा शिंपी दुकान उघडं टाकून पळाला. दवाखान्याच्या दारात वॉचमनने अडवलं.

"कात्री घेऊन कुठे निघालात?"

शिंप्याने बघितलं, खरंच हातात कात्री. ती वॉचमनने काढून घेतली. गळ्यातली टेप तेवढी राहिली. ती राहिली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आत डॉक्टरीणबाई होत्या. उंचीने एवढ्याशा, पण बोलणं असं की समोरच्याने वाक्य सुरू करावं आणि त्यांनी ते संपवून पुढे जावं.

"रॉड घालायचा आहे," त्या म्हणाल्या. "हाडाच्या आत पोकळी असते, तिच्यातून वरून खाली. लांबी बरोबर हवी. आखूड पडला तर मोडलेलं हाड धरून ठेवणार नाही. लांब झाला तर वर गुडघ्यात टोचेल, नाहीतर ठोकताना खाली हाड फुटेल."

"मग फोटोत मोजून घ्या की," शिंपी म्हणाला.

"फोटोत हाड असतं त्याहून मोठं दिसतं. किती मोठं, ते आमचं मशीन रोज वेगळं सांगतं."

"मग दुसऱ्या पायावरून..."

"एरवी तेच करतो. पण तो पाय आखूड आहे, हे आत शिरताच तुम्हीच सांगितलंत ना?"

शिंप्याने गळ्यातली टेप उगाच सरळ केली.

"हात धड आहेत ना त्याचे?" बाई म्हणाल्या. "मग झालं. मूठ मिटायची. कोपराच्या टोकापासून करंगळीच्या मुळाशी जी गाठ असते तिथपर्यंत मोजायचं. जवळजवळ तेवढाच रॉड नडगीत बसतो."

बघा, आलंच हसू. चष्मेवाले गृहस्थ मान हलवतायत.

"हातावरून पायाचं माप? काहीही सांगता."

मग बघा करून. लाजू नका, दुकानात आपलीच माणसं आहेत. पाय स्टुलावर ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा उंचवटा लागतो, तिथे कोपर टेकवा. आता हात नडगीवरून खाली सोडा आणि मूठ मिटा. कुठे आली करंगळी?

"घोट्याशी," चष्मेवाले म्हणतात आणि आपल्याच हाताकडे असे बघतात की जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे.

या गोष्टीत जिथे विश्वास बसत नाही तेच असं खरं निघतं. पुढे ऐका.

रॉड दवाखान्यात नव्हता. सिस्टरने फोन लावला. रॉडची अख्खी पेटी दुसऱ्या दवाखान्यात गेली होती, रॉड पुरवणाऱ्या डेपोत सुटे नग तेवढे उरले होते. तीस सेंटिमीटरचा एक, बत्तीसचा एक, चौतीसचा एक. बाकीच्यांवर दुसऱ्यांनी आधीच हक्क सांगितलेला. डेपोवाला म्हणाला, एक आकडा सांगा, दोनच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतो. त्यानंतर नवी पेटी चार दिवसांनी.

"चार दिवस ही जखम थांबायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज झालं तर पाय आहे. आज उघडून रॉड बसला नाही आणि तसाच बंद करावा लागला, तर मग मी काही सांगू शकत नाही." एवढं बोलून त्या हात धुवायला निघून गेल्या.

सिस्टरचे दोन्ही हात धाकट्याच्या जखमेवर दाबलेले. कपाटात टेप होती, ती सापडेना. तिची नजर शिंप्याच्या गळ्यावर गेली.

"अहो, तुम्ही शिंपी ना? मग घ्या तुम्हीच. तुमच्याइतकं नेमकं माप इथे कोणाला जमणार?"

खोटं कशाला सांगा, तशा वेळीही शिंपी जरा फुगला.

धाकटा अर्धवट ग्लानीत होता. केसांत पांढरा रंग वाळलेला. टेप कोपराला लागली तसे त्याने डोळे उघडले.

"दादा, पाय मोडलाय. हात कशाला मोजतोस?"

"शर्ट शिवायचाय. गप पड."

"मग बाही पूर्ण ठेव. मागच्या खेपेला आखूड झाली होती."

"आखूड नव्हती. धुवून आटली."

"तू शिवलेलं सगळंच कसं आटतं रे," धाकटा म्हणाला आणि त्याने पुन्हा डोळे मिटले.

शिंप्याने माप घेतलं. टेप इंचांच्या बाजूने धरायची त्याची सवय. इंच बघितले, टेप उलटी केली, सेंटिमीटर बघितले आणि सिस्टरने पुढे केलेल्या चिठ्ठीवर लिहिलं. चौतीस. चिठ्ठी गेली, फोन गेला, आणि धाकट्याला ढकलगाडीवरून मोठ्या दारापलीकडे नेलं. इथून पुढे आत यायचं नाही, अशी त्या दारावर पाटी.

शिंपी बाहेरच्या बाकावर बसला. समोर भिंत, भिंतीवर घड्याळ, घड्याळात साडेअकरा.

आता या धंद्यातली एक गोष्ट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिंपी माप घेतो ते अंगाचं, पण लिहितो ते कापडाचं. शिलाईत थोडं कापड जातं, माणूस जेवतो, वाकतो, श्वास घेतो. म्हणून प्रत्येक मापात इंचभर माया सोडावी लागते. नवा शिकाऊ आधी मोजतो, मग मनात मिळवतो. जुना शिंपी मिळवत नाही. त्याच्या तोंडून आकडा निघतो तोच वाढीव. या शिंप्याची तर हद्द झाली होती. दाराच्या पडद्याला माया, टेबलाच्या काचेला माया. पोरीला ताप आला तर थर्मामीटर बघून अर्धा अंश वाढवून सांगायचा, आणि बायको आधी अर्धा अंश वजा करायची आणि मग घाबरायची.

बाकावर बसून तो आपल्या बोटांकडे बघत होता. असाच बघत होता. आणि एकदम मनात आलं. ते चौतीस अंगाचे होते की कापडाचे?

त्याने आठवून बघितलं. भावाचं कोपर आठवत होतं, कोपरावरचा रंगाचा ठिपका आठवत होता, बाहीवरचं बोलणं शब्दन् शब्द आठवत होतं. टेपेवरचा आकडा आठवत नव्हता. आठवायचा कसा, तो डोळ्यांपुढून गेला आणि तोंडापर्यंत येताना आपोआप वाढला असेल तर वाढला असेल. नसेलही. तीस वर्षांत एकदा तरी त्याने कोरं माप सांगितलं असेल. की नसेल?

स्वतःचा हात मोजला. साडेबारा इंच. म्हणजे बत्तीस सेंटिमीटरला दोन-तीन बारीक रेघा कमी. धाकटा त्याच्याएवढाच होता. की जरा उंच? एक पाय आखूड असलेल्या माणसाची उंची कोणत्या पायावर उभं करून धरायची? पुन्हा मोजला. आता त्या साडेबारावरही भरवसा राहिना, कारण डोळा बघतो ते खरं की तोंड बोलतं ते, हेच कळेनासं झालं होतं.

सरळ उपाय होता. उठायचं, दहा पावलांवरच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, सिस्टर, एकदा परत मोजून घ्या. एवढंच वाक्य. तो उठला. खोलीच्या दारापर्यंत गेला.

"काय हवंय?" सिस्टरने विचारलं.

"पाणी कुठे आहे प्यायचं?"

पाणी पिऊन परत येऊन बसला. बारा वाजले. पुन्हा उठला. या वेळी मुतारी कुठे आहे ते विचारून आला. साडेबारा. माप बरोबर असेल तर उगाच शंका काढून हसं होईल, असं स्वतःला सांगत होता. पण खरी भीती ती नव्हती. माप चुकलेलं असेल, तर ते कोणी चुकवलं हे सगळ्यांना कळणार होतं. लहानपणचा डावा पाय. आता उजवा. दोन्ही पायांवर एकाच माणसाची सही. बाकाची कड त्याच्या हातांनी अशी घट्ट धरलेली की लाकडाची शीर तळव्यात उमटली. शिडी सोडली तेव्हाही असेच हात होते. आठ वर्षांचे होते, एवढाच फरक.

मग त्याने मनातल्या मनात बोली लावायला सुरुवात केली. बस चुकू दे. ड्रायव्हरने चुकून बत्तीसचा आणू दे. डेपोवाल्याला ऐकूच न येऊ दे. माझ्या हातून हे घडलेलं नसू दे, बदल्यात माझी बोटं घे, डोळे घे, मशीन घे. कोणाशी बोलत होता ते त्यालाही ठाऊक नव्हतं. घड्याळाचा काटा मात्र त्याच्याकडे न बघता पुढे सरकत होता.

दीड वाजता धाकट्याची बायको आली. जिथे तो पडला तिथून त्याचं सामान गोळा करून आली होती. एका पिशवीत त्याच्या चपला, दोन ब्रश आणि एक लाकडी पट्टी. तोंडावर पदर घेऊन रडत होती बिचारी.

कोपऱ्यात सुई थांबली. थांबू दे, दोरा संपला असेल.

ती पट्टी शिंप्याच्या ओळखीची होती. भिंतीला खालून रंगाचा पट्टा मारायचा तर उंची सगळीकडे सारखी लागते, म्हणून धाकट्याने स्वतःच्या हाताच्या मापाने ती कापून घेतली होती. एका टोकाशी कोपर, दुसऱ्या टोकाशी मिटलेल्या मुठीची करंगळी. शिंपी त्याला चिडवायचा, "अरे रंगाऱ्या, तुझा भाऊ शिंपी, आणि तुला एक टेप मिळत नाही?" त्यावर धाकटा म्हणायचा, "टेप घरी विसरते, दादा. हात विसरत नाही."

शिंप्याने पिशवीतून पट्टी ओढून काढली. लाकूड ते. ते जेवत नाही, वाकत नाही, श्वास घेत नाही. मांडीवर आडवी ठेवली, टेप लावली.

"साडेतेरा," तो म्हणाला.

आणि त्याच क्षणी त्याला दिसलं. अंगठ्याचं नख साडेबारावर होतं. डोळे साडेबारावर, नख साडेबारावर, आणि तोंड म्हणत होतं साडेतेरा. पुन्हा लावली. पुन्हा तोंडातून साडेतेरा. तिसऱ्यांदा ओठ घट्ट दाबून मोजलं, तेव्हा कुठे आकडा कोरा राहिला. साडेबारा इंच. बत्तीस सेंटिमीटर.

घड्याळात दोनला वीस कमी. तिकडे डेपोत चौतीसचा रॉड कागदात गुंडाळला जात होता, किंवा गुंडाळून झाला होता. इकडे दारापलीकडे धाकट्याचा पाय धुऊन, औषध लावून, हिरव्या कापडातून एकटाच बाहेर काढून ठेवला होता. रॉडची वाट बघत.

"मग?" चष्मेवाले विचारतात. पाय अजून स्टुलावरच आहे त्यांचा.

मग काय. शिंपी उठला. असा उठला की बाक मागे उलटला. एका हातात पट्टी, एका हातात टेप. सिस्टरची खोली, तर तिला बाहेरून कुलूप. फोनपाशी गेला, तर फोन मुका. दवाखान्यात एक माणूस जागेवर असेल तर शपथ. मग शिंपी धावला. चपला तिथेच राहिल्या, अनवाणी धावला. डेपो किती लांब, तर चांगला तीन मैल. रस्त्यात दोन फाटकं, एक बाजार आणि विटा घेऊन आडवा उभा असलेला ट्रक. ट्रकच्या खालून गेला. बाजारात एका केळीवाल्याची पाटी उडाली, ती परत खाली येईपर्यंत हा पुढच्या चौकात. लोक म्हणत होते, चोर असेल, टेप चोरून पळतोय. दम लागला, छातीत कळ आली, पण थांबला नाही, कारण थांबला असता तर त्याला पुन्हा तो बाक दिसला असता. दोनला एक मिनिट कमी. बस सुरू झालेली, चाकं हललेली. शिंपी बसच्या पुढे आडवा उभा राहिला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तो अशा बेताने की बसचं नाक आणि शिंप्याची छाती यांच्यामध्ये...

"इंचभर माया," चष्मेवाले म्हणतात आणि हसतात.

बरोबर बोललात, इंचभर. ड्रायव्हर शिव्या द्यायला खाली उतरला. शिंपी म्हणाला, शिव्या नंतर दे, आधी तो चौतीसचा परत कर आणि बत्तीसचा घे. माप चुकलंय. माझ्याकडून चुकलंय. असं भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात...

"दादा."

कोपऱ्यातून आवाज आला. तिने शर्ट मांडीवरून बाजूला ठेवला होता. सुई त्यातच टोचलेली.

"चपला तुमच्या पायातच होत्या, दादा. तुम्ही बाकावरून उठलाच नाहीत. आणि मी रडत नव्हते. तुम्ही साडेतेरा म्हणालात तेव्हा नख साडेबारावर आहे, हे मी दाखवलं तुम्हाला. तुम्ही नुसते बघत बसलात. मग पट्टी मी घेतली, टेप तुमच्या हातातून सोडवून घ्यावी लागली, इतकी घट्ट धरली होती. सिस्टर खोलीतच होती. फोनही चालू होता, एका घंटीत लागला."

चष्मेवाल्यांनी पाय हळूच स्टुलावरून खाली घेतला. मशीन केव्हाचं थांबलं होतं.

"आमचे हे तिकडे समोरच्या शटरपाशी शिडीवर चढलेत, उजव्या पायावर भार देऊन," ती म्हणाली. "त्यांना या गृहस्थांनी विचारलं तर तेही तुमचीच गोष्ट सांगतील, धावण्याची. मी त्यांना कधी दुसरी सांगितली नाही. पण नंतर डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर विचारलं होतं, एवढी चूक केली कोणी, माप घेतलं कोणी. मी म्हटलं, मी घेतलं. दहा वेळा ऐकली ही गोष्ट. एकदा तरी तेवढं सांगाल म्हणून ऐकत होते."